सर्वसहमतीचे शिवार

मला किस्से सांगण्याची सवय नाही. एकतीस वर्षे शाळेत काढली. तिथे किस्से सांगणारा मास्तर लोकप्रिय होतो आणि अभ्यासक्रम मागे राहतो. पण गेल्या पाच वर्षांत ज्या मंडळींत माझी ऊठबस आहे, तिथे किस्सा शोधावा लागत नाही. सभेचे इतिवृत्त लिहायला वही उघडावी आणि घडले तेवढेच लिहावे. महिनाअखेरीस वहीत इतिवृत्त थोडे आणि किस्से फार निघतात. संध्याकाळी मठात दर्शनाला गेलो की मित्रमंडळी विचारतात, "सर, काय म्हणतंय तुमचं शिवार?" मी सांगतो. ते हसतात. मी हसत नाही, म्हणून आणखी हसतात.

देवणीपासून सात किलोमीटरवर काळ्या जमिनीचे चौदा एकर आहेत. ते अनिकेतला आजोळाकडून मिळाले. अनिकेत मूळचा लातूरचा. शिकून परदेशी गेला आणि तिथे त्याला शेती सापडली. निसर्गाची रचना पाहून शेत आणि वस्ती उभारण्याचे एक शास्त्र आहे, त्याला पर्माकल्चर म्हणतात. ते तो ऑस्ट्रेलियात शिकला. मग पोर्तुगाल, स्कॉटलंड अशा ठिकाणी काही काही महिने त्या पद्धतीच्या वस्त्यांत राहिला. तिथे म्हणे माणसे मिळून पिकवतात, मिळून रांधतात आणि कोणी कोणाचा मालक नसतो. परत आल्यावर त्याने या जमिनीला 'सहधरा' हे नाव दिले. गाव तिला अजून पाटलाचा मळाच म्हणते.

सभासद अकरा. त्यांतले बहुतेक देहाने पुण्याला किंवा लातूरला असतात आणि मनाने इथे. मला अनिकेतने सचिव केले. "सर, जगातल्या प्रत्येक कम्युनिटीत एक एल्डर असतो," तो म्हणाला. निवृत्त मुख्याध्यापकाला मान गोड लागतो. हे मी देवासमोर कबूल केले आहे, इथेही करतो.

आणि चंद्रकलाबाई. चंद्रकला कांबळे, वय पंचेचाळीसच्या आसपास. शिवारात पहिला खुंट ठोकला त्या दिवसापासून त्या इथे राहतात आणि राबतात. नवरा वारला, गावातले घर दिराने घेतले. तेव्हापासून विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा संसार. सहधरेचा नियम असा, की जो सलग तीन वर्षे इथे राहील आणि काम करील तो पूर्ण सभासद. त्याला घरापुरती जागा मिळेल आणि हयातभर कोणी ऊठ म्हणणार नाही. हा नियम अनिकेतनेच पोर्तुगालहून आणला. तीन वर्षे भरली त्या आठवड्यात चंद्रकलाबाईंनी अर्ज आणून दिला. सातवी पास हस्ताक्षर, एकही खाडाखोड नाही.

"सर, ह्याला किती दिस लागतेत?"

"नियमात बसते. एक सभा," मी म्हणालो.

मी गणित शिकवत असे. इतके चुकीचे उत्तर मी आयुष्यात दुसरे दिले नाही.

*

सहधरेत मतदान नाही. मतदानात कोणीतरी हरतो. इथे सर्वसहमती लागते, म्हणजे सर्वजण जिंकेपर्यंत मांडी सोडायची नाही. सभा गोलात भरते. मध्ये पणती. एक गोटा हातोहात फिरतो. तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचे. गोटा मांजरा नदीच्या पात्रातून रेवतीने निवडून आणलेला. रेवती पूर्वी पुण्याला संगणकाच्या कंपनीत होती. आता ती सभेत 'स्पेस होल्ड' करते. म्हणजे काय करते, हे मी दोनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारणे वयाला शोभले नसते.

एका सभेत तिने गोटा नाकाशी धरून डोळे मिटले. "ह्याला भूमीचा गंध येतोय," ती म्हणाली. "ह्याने आपल्या सगळ्यांच्या गोष्टी साठवून ठेवल्यात."

गोटा फिरला. प्रत्येकाने हुंगला आणि प्रत्येकाला काही ना काही आले. एकाला बालपण आले. एकीला आजी आली. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मला लसूण आला.

तेवढ्यात चंद्रकलाबाई चहा घेऊन आल्या. "सर, तुमचं झालं की तेवढा गोटा द्या. चटणी ठेचायची ऱ्हायलीय."

त्याच सभेत त्यांचा अर्ज निघाला. सहधरेत संमती हात वर करून देत नाहीत, दोन्ही हातांची बोटे हलवून देतात. बाकी सगळ्यांची बोटे हलली. रेवतीची हलली नाहीत. "माझा विरोध मुळीच नाही," ती म्हणाली. "पण माझ्या आत अजून क्लॅरिटी नाहीये."

मी इतिवृत्तात लिहिले: 'रेवती यांच्या आत स्पष्टता नसल्यामुळे विषय क्रमांक चार तहकूब.' पुढच्या सभेत ते वाचून दाखवले. मला वाटले, कोणाला तरी लाज वाटेल. रेवतीच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाली, "थँक यू सर. मला इतकं नेमकं कोणीच समजून घेतलं नव्हतं."

*

ऑस्ट्रेलियातल्या ज्या गावी अनिकेत शिकला तिथे पाऊस कमी आणि जमीन हलकी. तिथे उताराला आडवे, एका पातळीत चर खणतात. पाणी अडते आणि जिरते. पुस्तकात त्याचे सुरेख चित्र आहे. अनिकेतने ते चित्र आपल्या चार एकर तुरीत खणायला घेतले.

चंद्रकलाबाई बांधावर उभ्या होत्या. "दादा, ही भारी जमीन हाय. ही पानी सोडत न्हाई. हितं पान्याला वाट करून द्यायची आसती, न्हाईतर चिबडून जातंय सगळं."

"ताई, आपण पाण्याला थांबायला शिकवतोय."

"त्येला काय शिकवायचं? त्ये आपलं बसूनच ऱ्हातंय."

श्रावणात चार दिवस झड लागली. काळ्या जमिनीने पोटभर पाणी प्यायले आणि उरलेले अंगावर घेऊन ती स्वस्थ पडून राहिली. तूर घोट्याएवढ्या पाण्यात उभी. आठ दिवसांत पिवळी पडली. सभा बोलावण्यासाठी सर्वांना सोयीची तारीख शोधली जात होती, तोवर चंद्रकलाबाईंनी कुदळ घेऊन खालचा एक चर फोडला. त्याच्या लगतची अर्धा एकर तूर वाचली.

यथावकाश, म्हणजे तूर निघून तिची डाळ झाल्यावर, सभा भरली. विषय तूर नव्हता. विषय होता: 'विनासहमती चर फोडणे'. दोन तास चर्चा झाली. अर्जदाराच्या सामूहिक वृत्तीचा विचार व्हावा, असे ठरून अर्ज पुढच्या सभेवर गेला. जेवणात वरण त्याच अर्ध्या एकराचे होते. ते मात्र सर्वसहमतीने संपले.

अनिकेतने परदेशी मित्रांना वार्षिक पत्र पाठवले: 'चरांच्या पहिल्याच पावसाळ्यात आम्ही पाणथळ परिसंस्था निर्माण केली.' सोबत बुडालेल्या तुरीत उभ्या असलेल्या बगळ्याचे छायाचित्र. तिकडून अभिनंदनाची एकोणीस उत्तरे आली.

*

त्यानंतर ठरले, की पूर्ण सभासदाला शास्त्राचा पाया हवा. म्हणून चौदा दिवसांचा अभ्यासवर्ग सक्तीचा झाला. गोव्याहून प्रशिक्षक आले. वर्गात वीस जण; पैकी नांदेडचे दोन, बाकी सगळे विमानाने हैदराबादला उतरून आलेले. वीस जणांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक चंद्रकलाबाईंकडे. वर्ग स्वयंपाकघराच्या ओट्यालगत भरत असे, त्यामुळे त्यांनी चौदाही दिवस ऐकले. भाकरी थापताना कान रिकामेच असतात.

नवव्या दिवशी खताचा ढीग रचण्याचे प्रात्यक्षिक झाले. पालापाचोळ्याचे थर, हिरव्याचे थर, सर्व मापाने. ढीग तीन दिवसांत आतून तापायला हवा. तापेना. प्रशिक्षक रोज लांब दांड्याचा तापमापक खुपसत आणि गंभीर होत. कोणी म्हणाले, जागेची ऊर्जा कमी पडते.

बाराव्या दिवशी सकाळी चंद्रकलाबाईंनी ढीग उपसला, शेण आणि गोमूत्राचा काला केला, शिंपडत शिंपडत पुन्हा रचला, वर गोणपाट टाकले आणि चहा ठेवायला गेल्या. चौदाव्या दिवशी ढिगातून वाफ निघत होती. वीसच्या वीस जणांनी ढिगात हात घालून फोटो काढले. काहींनी डोळे मिटले होते.

संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली. चंद्रकलाबाई पदर सावरून रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. अनिकेत हसला, मनापासून हसला. "ताई, तुम्ही तर मुळातच निसर्गाच्या लेकी. तुम्हाला सर्टिफिकेटची काय गरज?"

"मला न्हाई गरज," त्या म्हणाल्या. "अर्जाला हाय."

"नियमात उपस्थिती लिहिलीये ताई. तुम्ही वर्गात बसला नव्हता ना."

"बसले आस्ते दादा. मंग तुमी काय खाल्लं आस्तं?"

या प्रश्नावर प्रशिक्षक प्रसन्न झाले. "ब्यूटिफुल," ते म्हणाले, आणि वहीत टिपून घेतले. प्रमाणपत्रे वीसच छापली होती.

*

पुढे मातीचे घर बांधायचे ठरले. देगलूरहून सलीम मिस्त्री आले. तीन पिढ्यांचे गवंडी, अदबशीर माणूस, कोणाला तोडून बोलत नाहीत.

अनिकेतने कागदावर घर दाखवले. वर जाड मातीचे माळवद. "मिस्त्री, जुन्या पद्धतीचं हवं. लाकूड आणि वर दोन फूट माती. आत एकदम थंड."

सलीम मिस्त्रींनी कागद नीट पाहिला, घडी घातली, परत दिला. "थंड तर ऱ्हातंय साहेब. भूकंपाच्या टायमाला ढिगारे उपसायला मी गेलतो. खालची मानसं सगळी थंडच होती."

हलके छप्पर ठरले. सहधरेच्या इतिहासात एका मिनिटात झालेली ही एकमेव सर्वसहमती.

भिंतींवर मात्र अनिकेत अडून बसला. माती आपल्याच जमिनीची हवी. "साहेब, काळी माती भित्तीला चालत न्हाई, फुटती. गावातून पांढरी आणू," मिस्त्री म्हणाले. पण बाहेरून माती आणली तर पृथ्वीवरचा भार वाढतो, असा हिशेब निघाला. पृथ्वीची माती पृथ्वीवरच सात किलोमीटर सरकते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले. एल्डरचे म्हणणे आदराने ऐकले गेले.

काळ्या मातीच्या भिंती उभ्या राहिल्या आणि संक्रांतीपर्यंत आडव्या-उभ्या फुटल्या. एका भेगेत माझा पंजा मनगटापर्यंत गेला. रेवतीला त्यात नद्यांचा नकाशा दिसला. अखेर मिस्त्री आणि चंद्रकलाबाईंनी गावातून सहा गाड्या पांढरी माती आणली, भुसा-शेण घालून आठवडाभर मुरवली आणि भिंती आतून-बाहेरून लिंपल्या. घर उत्तम झाले.

ते ज्या जागी झाले तिथे, कडुलिंबाच्या झाडाखाली, चंद्रकलाबाईंनी दोन वर्षांपूर्वी चार दगड मांडून ठेवले होते. आपल्या घराच्या कोपऱ्यांची खूण. दगड पायाभरणीत गेले. घराला 'अतिथी कुटी' अशी पाटी लागली.

"दादा, ही जागा मी धरली होती."

"ताई, जागा कोणाचीच नसते. या पृथ्वीवर आपण सगळे पाहुणेच आहोत."

"हाव," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "मंग किल्ली तुमच्या खिशात कशी?"

*

सहधरेत संडास कोरडा आहे. पाणी नाही, वरून भुसा टाकायचा. खाली डबा. भरला की नेऊन खड्ड्यात रिता करायचा, वर्षाने त्याचे खत होते. शास्त्र निर्दोष आहे. अनिकेत सांगे, की स्कॉटलंडमध्ये हे काम लोक गाणी म्हणत करतात. इथेही पाळ्यांचा फळा टांगला होता.

पहिल्या आठवड्यात ज्यांची पाळी, त्यांची पाठ धरली. दुसऱ्या आठवड्यात रेवतीने नेमके मौन घेतले. मौनात डबा उचलता येत नाही, असे तिने लिहून दाखवले. तिसऱ्या आठवड्यात अनिकेतला पुण्याला व्याख्यान होते. विषय: 'विष्ठेकडून सृष्टीकडे'. महिनाअखेर फळ्यावर प्रत्येक नावापुढे एक बाण होता, आणि सगळे बाण एकाच नावाकडे गेले होते.

चंद्रकलाबाईंनी ओले फडके घेतले आणि बाण पुसले. स्वतःचे नाव ठेवले.

रेवतीचे मौन सुटले. "ताई, ह्यात कमीपणा काय? हे तर ध्यान आहे. श्रमाला जात नसते."

"मेलेली ढोरं वढायचं सोडून आमच्या आज्यानं धम्म घेतला, ताई. तुमचा डबा वढाया न्हाई." आवाज जराही चढला नव्हता. "माझी पाळी आली की माझी मी करीन. तुमचं ध्यान तुमी करा."

सभेत या वाक्याची नोंद 'अर्जदाराच्या मनातील प्रतिकार' अशी करण्याचे सुचवण्यात आले. मी लेखणी खाली ठेवली. मग फळा पाहिला. त्यावर माझे नाव नव्हते. एल्डरला सूट होती. ती मी मागितली नव्हती. घेतली मात्र होती.

दुसऱ्या दिवशी देवणीहून पहाटेच्या बसने जाऊन मी डबा ओढला. घरी येऊन स्नान केले आणि लिंगपूजेला बसलो. देवाने काही हरकत घेतली नाही. ती घरच्या स्वयंपाकघरातून, सौभाग्यवतींकडून आली, आणि दोन दिवस टिकली.

*

एका वर्षी 'स्वावलंबन पंधरवडा' पाळला. पंधरा दिवस बाहेरचे काही आणायचे नाही. शिवारात पिकेल तेच खायचे. सर्वांनी पणतीवर हात धरून संकल्प केला. चंद्रकलाबाईंनी विचारले, "पंधरा दिस येगळं काय करायचं आसतंय?" त्यांना नीट समजावून सांगण्यात आले. त्या म्हणाल्या, "म्हंजी रोजच्यासारखंच," आणि अंबाडी खुडायला गेल्या.

सहाव्या दिवशी मला एका लग्नासाठी देगलूरला जावे लागले. धान्याच्या मोंढ्याजवळच्या हॉटेलात चहाला शिरलो. कोपऱ्यातल्या टेबलावर अनिकेत होता. समोर पुरीभाजी.

"सर, मी लोकल फूड सिस्टीमचा सर्व्हे करतोय," तो म्हणाला.

"उत्तम," मी म्हणालो. "मागच्या टेबलावरच्या मंडळींचाही तोच चालू असावा."

मागच्या टेबलावर रेवती आणि आणखी चार सभासद मिरचीभजी खात होते. आम्ही सर्वांनी एकमेकांना नमस्कार केला. सहधरेची सभा इतक्या उपस्थितीने क्वचितच भरते.

*

या वर्षी हिवाळ्यात डेन्मार्कहून इंग्रिडबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, पायांत साध्या वहाणा. आयुष्याची चाळीस वर्षे त्यांनी तिकडच्या अशाच एका वस्तीत काढलेली. जगभरच्या अशा वस्त्यांचा एक संघ आहे. त्याच्या वतीने त्या गावोगाव जाऊन पाहतात आणि पटले तर वस्तीचे नाव संघाच्या नकाशावर चढते. नकाशावर सहधरेचा ठिपका यावा, याखेरीज अनिकेतने पाच वर्षांत काही मागितले नव्हते.

अकराही सभासद आदल्या दिवशी हजर झाले. चौघांना विहीर कुठे आहे ते विचारावे लागले.

इंग्रिडबाईंनी शिवार पायी फिरून पाहिले. खताचा ढीग पाहिला, चर पाहिले, भिंतींवरून हात फिरवला. मग लिंबाखाली बसून त्यांनी एक छापील कागद काढला आणि इंग्रजीत काही विचारले. रेवती मराठी करत होती. "त्या विचारतायत, इथे राहतं कोण."

अनिकेतने अकरा नावे सांगितली.

"त्या म्हणतायत, राहणं म्हणजे झोपणं. मागच्या वर्षात कोण किती रात्री झोपलं, त्याची काही नोंद आहे का?"

नोंद होती. मुक्कामाला किती माणसे, हे संध्याकाळी भाकऱ्या टाकण्याआधी चंद्रकलाबाईंना लागे. दुसऱ्या दिवशी त्या मला सांगत आणि मी वहीत उतरवत असे. कोणी तसे सांगितले नव्हते. मास्तरला हजेरी घेतल्याशिवाय करमत नाही, इतकेच.

मी वही घेऊन बेरजा करायला बाजूला बसलो. अनिकेत मागून आला, वाकला. "सर, जरा बघून लिहा. मनाने तर सगळे इथेच होते."

मी एकतीस वर्षे हजेरीपट लिहिला. गैरहजर मुलाला हजर लिहावे, म्हणून एकदा वरून सांगणे आले होते. मी लिहिले नाही, आणि पुढच्या महिन्यात माझी बदली नायगावला झाली. हे अनिकेतला ठाऊक नव्हते. मीही सांगितले नाही. बेरीज पूर्ण केली आणि उभा राहून वाचली.

अनिकेत, एकवीस रात्री. रेवती, चौदा. मग पाच, चार, तीन. पुढचे काही दोनवर आले. एका सभासदाची एक रात्र होती, ती कालची.

"सचिव," मी वाचले, "शून्य."

डबा ओढला त्या पहाटेचा मला थोडा अभिमान होता. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

"चंद्रकला कांबळे. तीनशे त्रेसष्ट. दोन रात्री नायगावला लेकीकडे, बाळंतपणाला."

इंग्रिडबाईंनी विचारले, या कोण. रेवती म्हणाली, "शी इज अवर... शी हेल्प्स अस." अनिकेतने पुढे होऊन सांगितले, की त्यांचा सभासदत्वाचा अर्ज विचाराधीन आहे.

"त्या विचारतायत, अर्ज कोणाकडे केलाय," रेवती म्हणाली.

"आमच्याकडे," अनिकेत म्हणाला.

इंग्रिडबाईंनी माझ्या वहीकडे पाहिले. मग एकेका सभासदाकडे. घाई केली नाही. मग त्या उठल्या, कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि कागद चंद्रकलाबाईंपुढे धरला. इथे सही फक्त राहणाऱ्यांची लागते, असे त्यांनी सांगितले. हे मराठीत यायला रेवतीला जरा वेळ लागला.

चंद्रकलाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. दाराच्या उंबऱ्यावर बसून मांडीवर पाट घेतला आणि सही केली. चंद्रकला भीमराव कांबळे. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटे. सही होईपर्यंत अकराजण उभे होते.

सहीच्या खाली एक चौकट होती. इंग्रिडबाईंनी तिच्यावर बोट ठेवले. रेवतीने वाचले, पुन्हा वाचले.

"काय म्हनतेत त्या?" चंद्रकलाबाईंनी विचारले.

"इथे... इथे राहणाऱ्या सभासदाने लिहायचंय," रेवती म्हणाली, "की वस्तीत आणखी कोणाला धरायचं."

"मी सांगायचं?"

"हो."

चंद्रकलाबाईंनी सर्वांकडे पाहिले. ऊन कलले होते. पुण्याच्या गाड्या बांधावर, रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

"आज मुक्कामाला कोन कोन हाय, त्ये सांगा आधी," त्या म्हणाल्या. "पीठ मळायला घेते."

रेवतीने एवढे इंग्रजीत केले. इंग्रिडबाईंनी हात वर केला. रेवतीचा स्वतःचा उद्या सकाळी नऊला कॉल होता. ती तसे म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर आपल्या वहाणांकडे बघत राहिली. कोणाची मुले लातूरला होती. कोणाला गोळ्या घरी राहिल्याचे आठवले. मी घरी फोन लावला आणि पूजेची पेटी शेवटच्या बसने पाठवा म्हणालो.

"सर, तुमाला किती लागतेत?"

"दोन."

"दादा, तुमच्या धरू?"

अनिकेतने हातातल्या गाडीच्या किल्लीकडे पाहिले. मग त्या कागदाकडे, मग पुन्हा किल्लीकडे. चंद्रकलाबाई परात घेऊन थांबल्या. चांगल्या थांबल्या.

"न्हाई धरत मंग," त्या म्हणाल्या, आणि पीठ घ्यायला आत गेल्या.